पॅकेटचा माग काढायला शिका

प्रश्न : मी नेटवर्क ॲडमिनिस्ट्रेटर होण्याची तयारी करत आहे. ओएसआय या नेटवर्क-रचनेच्या नमुन्याचे सात स्तर आणि महत्त्वाचे पोर्ट क्रमांक तोंडपाठ आहेत. पण समोरच्या संगणकावर नेटवर्क चालत नसेल, तर सुरुवात कुठून करावी हे सुचत नाही. शिवाय सुरक्षेचा अभ्यास नेटवर्किंग पूर्ण झाल्यावरच हाती घ्यावा का?

उत्तर : स्तर पाठ असल्याचा उपयोग होतोच, पण एका पॅकेटचा, म्हणजे नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्याचा, प्रवास पहिल्या पावलापासून सांगता येणे ही खरी तयारी, असे माझे ठाम मत आहे.

समजा, आपल्या संगणकाचा आयपी पत्ता १९२.१६८.१.२० आणि सबनेट मास्क (पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा, हे सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.० आहे. त्याला १९२.१६८.१.७५ कडे काही पाठवायचे असेल, तर तो दोन्ही पत्त्यांचे पहिले २४ बिट ताडून पाहतो. ते जुळले, म्हणजे समोरचा याच नेटवर्कमधला, असे ठरवून तो एआरपी या पत्ता शोधण्याच्या नियमपद्धतीद्वारे सगळ्यांना विचारतो, की हा पत्ता कोणाचा? ज्याचा असेल तो आपला ४८ बिटांचा मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्क कार्डाचा पत्ता, कळवतो. आता ८.८.८.८ गाठायचे असेल, तर ते बिट जुळत नाहीत; म्हणून तो डिफॉल्ट गेटवेचा, म्हणजे बाहेरची वाट देणाऱ्या राउटरचा, मॅक शोधतो आणि फ्रेम (पॅकेट ज्यात गुंडाळले जाते ते वेष्टन) गेटवेकडे पाठवतो, मात्र आतल्या पॅकेटवर ८.८.८.८ हाच पत्ता कायम राहतो. हे एकदा कागदावर स्वतः काढून पाहिले, की स्विच आणि राउटर यांतला फरक वेगळा पाठ करावा लागत नाही.

बिघाड शोधतानाही याच वाटेने जावे. संगणकाला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळाला असेल, तर बहुधा पत्ते वाटून देणाऱ्या डीएचसीपीकडून उत्तर आलेले नाही. पत्ता ठीक असेल, तर आधी गेटवेला पिंग करावे, म्हणजे उत्तर येते का हे पाहणारा संदेश पाठवावा, मग बाहेरच्या एखाद्या आयपी पत्त्याला. आकड्यांचा पत्ता लागतो पण नावाने संकेतस्थळ उघडत नाही, असे दिसले तर नावावरून आयपी पत्ता शोधून देणारे डीएनएस तपासावे. नियमांनुसार वाहतूक रोखणारी फायरवॉल पिंग अडवू शकते, त्यामुळे उत्तर न येणे म्हणजे यंत्र बंद आहे, असा निष्कर्ष लगेच काढू नये.

सुरक्षेचा अभ्यास पुढे ढकलू नका, कारण तो याच प्रवासात दडलेला आहे. १९८२ साली मांडल्या गेलेल्या एआरपीमध्ये उत्तर देणारा खरा आहे की नाही, हे पडताळण्याची सोयच नाही. त्यामुळे त्याच नेटवर्कमधला एखादा संगणक ‘गेटवे मीच’ असे खोटे सांगून सगळी वाहतूक स्वतःकडे वळवू शकतो. त्या वाहतुकीत टेलनेटचा (दूरच्या संगणकावर कूटबद्ध न करता काम करण्याच्या पद्धतीचा) पासवर्ड असेल, तर तो उघड वाचता येतो. स्वतःच्या सरावाच्या नेटवर्कवर वायरशार्क हा वाहतूक टिपणारा प्रोग्राम लावून एक टेलनेट आणि एक एसएसएच (त्याच कामाची कूटबद्ध पद्धत) सत्र पकडून पाहा. पोर्ट २३ वर पासवर्डचे एकेक अक्षर दिसेल, पोर्ट २२ वर केवळ कूटबद्ध मजकूर. दुसऱ्याच्या नेटवर्कवर परवानगीविना हा प्रयोग मुळीच करू नये.

प्रश्न : राउटरमधील नॅटमुळे, म्हणजे आतले पत्ते बदलून बाहेरचा पत्ता लावणाऱ्या सोयीमुळे, आतले पत्ते बाहेर दिसत नाहीत. मग फायरवॉल कशाला?

उत्तर : नॅटचा वापर वाढला तो आयपीव्ही ४ मधील पत्त्यांच्या टंचाईमुळे, ३२ बिटांत सुमारे ४२९ कोटीच पत्ते बसतात. बाहेरून आपणहून आलेली जोडणी नॅटमुळे सहसा आत पोहोचत नाही, हे खरे आहे. पण आत शिरलेला घातक प्रोग्राम स्वतःहून बाहेर संपर्क साधतो, तेव्हा नॅट त्याला निमूटपणे वाट करून देते, आणि आयपीव्ही ६ या नव्या आवृत्तीमध्ये तर बहुधा नॅट नसतेच. म्हणून फायरवॉलमध्ये आवश्यक तेवढेच उघडे ठेवून बाकी सर्व नाकारावे, आणि हा नियम बाहेर जाणाऱ्या वाहतुकीलाही लावावा. बहुतेक फायरवॉल नियम वरून खाली वाचतात आणि पहिला जुळणारा नियम लागू करतात. त्यामुळे ‘सर्वांना परवानगी’ ही ओळ चुकून वर राहिली, तर तिच्याखालचा एकही निर्बंध कधीच लागू होत नाही.