आयुष्याचा निकाल लावण्याआधी

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. 'तीन वर्षं झाली, कशातच राम वाटत नाही' हे तू पहिल्याच ओळीत लिहिलंस. 'कितीही झोपलं तरी थकवा जात नाही, पाय सारखे दुखतात' हे मात्र शेवटी, ता. क. म्हणून. मी ता. क. पासून सुरुवात करते.

कारण हीच चूक मी केली होती. चौतिसाव्या वर्षी कामात मन नव्हतं, माणसं नकोशी झाली होती, सकाळी उठणं जिवावर यायचं. आपलं क्षेत्रच चुकलं, असं ठरवून मी राजीनामा देऊन मोकळी झाले. आठ महिन्यांनी भलत्याच कारणासाठी रक्त तपासलं, तेव्हा कळलं की थायरॉइडचं काम मंदावलंय आणि हिमोग्लोबिन ८ आहे. त्या काळात कोणी 'व्यायाम कर, बरं वाटेल' म्हटलं की अंगावर धावून जावंसं वाटायचं. जिना चढताना धाप लागत होती, व्यायाम कसला!

गोळ्या सुरू झाल्या आणि काही महिन्यांत अंग हलकं झालं. पण खरं सांगते, सगळं नाही गेलं. ज्याला मी वैफल्य म्हणत होते, त्यातलं निम्मं शरीराचं निघालं आणि निम्मं खरोखरच जगण्याचं. ते उरलेलं निम्मं आता नीट दिसत होतं, एवढाच फरक. त्याच्याशी भिडायला अंगात त्राणही होतं.

तेव्हा आधी डॉक्टरांकडे जा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२ जीवनसत्त्व, साखर यांबद्दल विचार. जोरात घोरत असशील आणि दिवसा डुलक्या येत असतील, तर तेही सांग. झोपेत श्वास अडखळत असेल तर आठ तास झोपूनही विश्रांती मिळत नाही. रिपोर्ट सगळे नॉर्मल आले तर 'मनाचे खेळ' म्हणून उठून येऊ नकोस. डिप्रेशनही पुष्कळदा दुखण्याच्या आणि थकव्याच्या वेषात येतं. त्याबद्दल त्याच खुर्चीत बसून विचार.

आता याची उलटी बाजू. फिनलंडमध्ये २२ हजारांहून जास्त निरोगी प्रौढांना चार साधे प्रश्न विचारले होते: जगण्यात रस वाटतो का, आनंदी आहात का, जगणं सोपं जातंय का, एकटं वाटतं का. पुढे १९७६ ते १९९५ अशी वीस वर्षं त्यांच्या नोंदी ठेवल्या. असमाधानी पुरुषांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. दारू, सिगारेट, बैठं जगणं वगैरे हिशेबात धरल्यावर तो फरक बराच उतरला, पण पुरता पुसला गेला नाही. बायकांमध्ये तसा संबंध दिसला नाही. आणि घाबरू नकोस, कारण ब्रिटनमधल्या सात लाखांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात, २०१५ साली, वेगळंच हाती आलं: आधीपासूनचं आजारपण लक्षात घेतलं, तर नाखूश असण्यानं आयुष्य घटतं असं दिसत नाही. आजारपणच माणसाला नाखूश करतं.

मला या दोन्हींतून एवढंच घ्यावंसं वाटतं की असमाधान शरीरात शिरतं ते बहुतेक संध्याकाळच्या वाटेनं. दिवस वाया गेला असं वाटलं की आपण रात्र लांबवतो. दोनपर्यंत फोन, भूक नसताना खाणं, सकाळचं चालणं बुडवणं. उद्याचा दिवस त्यामुळे आणखी वाईट जातो, मग पुन्हा तीच रात्र. वर्षं गेली की लोक याला तुझा स्वभाव म्हणू लागतात, आणि आपल्यालाही ते पटतं.

यातली एकच कडी धर. माझा अनुभव विचारशील तर झोपेची. उठायची वेळ ठरवून टाक, सुट्टीच्या दिवशीही तीच. आठवड्याला दीडशे मिनिटं हालचाल हवी म्हणतात, ती तपासण्या झाल्यावर बघू. सध्या दहा मिनिटं चाललं तरी चालेल.

सोबत पाठवलेला राजीनाम्याचा मसुदा मी अजून उघडलेला नाही. रिपोर्ट आले की कळव, दोन्ही एकत्र वाचू.

तुझी,
ताई