एका रात्रीचा हरिश्चंद्र

वेंगुर्ला तालुक्यातील एका २८ वर्षांच्या दशावतारी कलावंताचे, म्हणजे कोकणात जत्रांतून रात्री होणाऱ्या लोकनाट्यातल्या नटाचे, पत्र आले आहे. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळून ते थोडक्यात येथे देत आहे.

“ताई, मी सहा वर्षे एका दशावतारी कंपनीत काम करतो. नारद, प्रधान, एखादा लहान राजपार्ट, म्हणजे राजाची भूमिका, अशी कामे माझ्याकडे असतात. यंदा मार्गशीर्षात आमच्याच गावच्या जत्रेला हरिश्चंद्राचे आख्यान ठरले होते. नेहमी हरिश्चंद्र करणारे ज्येष्ठ कलावंत तापाने पडले आणि मालकांनी रात्री नऊ वाजता ती भूमिका मला दिली. राज्यदानापर्यंत निभावले. स्मशानात तारामती मेलेल्या रोहिदासाला घेऊन समोर उभी राहिली आणि माझे शब्द संपले. ‘आधी कर दे’ हे एकच वाक्य मी चार-पाच वेळा म्हणालो. कुणीतरी हसले आणि मग सगळेच हसले. ते मोबाइलवर टिपले गेले आणि गावोगाव फिरले. आता बाजारात पोरे ‘काय रे, कर भरलंस काय?’ असे विचारतात. मालक दूत आणि सैनिकापलीकडे काही देत नाहीत. वडील म्हणतात, पुन्हा तोंडाला रंग लावू नकोस. भाऊ गोव्यात हॉटेलात आहे, तो बोलावतो आहे. झोप लागत नाही. कधी कधी वाटते, पहाटे प्रयोग संपल्यावर घरी परतूच नये. सहा वर्षांचे काम एका रात्रीत कसे पुसले गेले? मी काय करू?”

सप्रेम नमस्कार.

घरी परतूच नये असे वाटते, हे तुम्ही पत्राच्या अखेरीस एका वाक्यात लिहून टाकले आहे. मी मात्र उत्तराची सुरुवात तिथूनच करणार आहे, कारण ते वाक्य वाचल्यावर बाकीचे पत्र मला काही वेळ बाजूला ठेवावे लागले. हे जे वाटते ते आजच एका माणसाला तोंडाने सांगा. वडिलांना सांगणे जड जात असेल तर भावाला फोन करा किंवा रात्रभर तुमच्या शेजारी बसून रंग लावणाऱ्या सोबत्याला सांगा. सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध असते आणि तिथे मराठीत बोलता येते. हंगामात तुमच्या रात्री जागरणात आणि दिवस प्रवासात जातात, त्यात झोपही उडाली म्हणजे मन साध्या गोष्टीचाही डोंगर करते. तेव्हा कुडाळ किंवा सावंतवाडीच्या सरकारी रुग्णालयात डॉक्टरांना एकदा भेटा. पुढे मी जे लिहिणार आहे ते करण्यासाठी तुम्ही धडधाकट असायला हवे.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. सहा वर्षांचे काम पुसले गेले असे तुम्ही म्हणता, पण मला वाटते की ते काम प्रेक्षकांच्या मनावर उमटलेलेच नव्हते. नारद येतो, कळ लावतो आणि जातो. प्रधान ‘आज्ञा महाराज’ म्हणून बाजूला उभा राहतो. ही कामे नीट केली तर आख्यान पुढे सरकते, पण जत्रेहून घरी जाताना कुणी प्रधानाबद्दल बोलत नाही. प्रेक्षकाच्या मनात नटाची मोजून एक-दोन चित्रे राहतात. तुमचे पहिले ठसठशीत चित्र त्या रात्री उमटले, आणि ते असे उमटले हे दुर्दैव. तुमच्या कामाचा हिशेब करून कुणी तुम्हाला नापास केलेले नाही, लोकांकडे तुमचे दुसरे चित्रच नाही.

हे सगळीकडे असेच घडते. अमेरिकेत १९९५ साली ‘शोगर्ल्स’ नावाचा चित्रपट आला. त्यातली नायिका एलिझाबेथ बर्कली त्याआधी शाळकरी मुलांच्या एका दूरचित्रवाणी मालिकेतून माहीत झालेली होती आणि मोठ्या पडद्यावरची ही तिची पहिली मोठी भूमिका होती. चित्रपटाची अतोनात चेष्टा झाली, वर्षातील सर्वांत वाईट अभिनेत्री म्हणून तिला टिंगलीचे पारितोषिक दिले गेले, आणि तशी मोठी भूमिका तिला पुढे मिळालीच नाही. दोनच वर्षांनी, १९९७ मध्ये, अभिनेता जॉर्ज क्लूनी पडद्यावर बॅटमॅन झाला. त्या चित्रपटाचीही तितकीच हेटाळणी झाली आणि त्या भूमिकेबद्दल त्याने पुढे अनेकदा जाहीर माफी मागितली. तरीही त्याचे काम थांबले नाही, २००६ साली त्याला सहायक अभिनेत्याचे ऑस्करही मिळाले. क्लूनीला लोक आधीपासून मालिकेतला डॉक्टर म्हणून ओळखत होते, त्यामुळे बॅटमॅन हे त्याच्या अनेक चित्रांपैकी एक बिघडलेले चित्र ठरले. बर्कलीपाशी मोठ्यांच्या जगातले दुसरे चित्रच नव्हते. मला तिच्याबाबतीत आणखी एक गोष्ट खटकत आली आहे. दिग्दर्शकालाही तेच टिंगलीचे पारितोषिक मिळाले होते, पण त्याला लगेच पुढचा मोठा चित्रपट मिळाला. तसा भडक अभिनय आपणच करून घेतला होता, हे त्याने कबूल केले ते बऱ्याच वर्षांनी. तोवर दोष त्या मुलीच्या नावावर जमा होऊन गेला होता.

म्हणून त्या रात्रीचा दोष कुणाकडे किती जातो, हे नीट पाहिले पाहिजे. दशावतारात लिहिलेली संहिता हातात नसते. मालक आख्यान सांगतात, कथेचा सांगाडा आणि प्रवेशांचा क्रम ठरतो, आणि संवाद ज्याचे त्याने रंगभूमीवर उभे राहून रचायचे असतात. दशावतारी नट त्या अर्थाने स्वतःच्या भूमिकेचा लेखकही असतो. ज्याने वीस-पंचवीस वर्षे हरिश्चंद्र केला आहे त्याच्या पोटात स्मशानाच्या प्रवेशासाठी ओव्या, दाखले, विलाप आणि तारामतीच्या प्रत्येक प्रश्नाला चार-चार उत्तरे साठलेली असतात. तुम्हाला रात्री नऊला भूमिका मिळाली आणि मध्यरात्रीनंतर आख्यान उभे राहिले, त्या तीन तासांत तो साठा कुणाच्याही पोटात उतरत नाही. हा दोष तुमचा नाही. तुमचा दोष एवढाच आहे, आणि तो आहे हे तुम्ही मान्य करावे असे मला वाटते, की सहा वर्षे तुम्ही त्याच कंपनीत, वेशभूषेच्या त्याच पेटाऱ्यासोबत हिंडलात, हरिश्चंद्र अनेकदा पडद्याआडून ऐकला असेल, आणि तरी ‘हे कधी माझ्यावर आले तर मी काय बोलेन’ हा विचार केला नव्हता. लहान काम करणाऱ्या नटाने मोठे काम मनातल्या मनात करत राहावे लागते.

‘आधी कर दे’ या वाक्याबद्दलही मला लिहायचे आहे. ते वाक्य चुकीचे नव्हते. स्वतःच्या मुलाचे प्रेत समोर असताना डोंबाचा चाकर म्हणून कर मागावा लागणे, हाच तर त्या प्रवेशाचा गाभा आहे, आणि अशा माणसाच्या तोंडून दुसरा शब्द फुटू नये हे अगदी शक्य आहे. एखाद्या कसलेल्या नटाने तेच वाक्य पाच वेळा म्हटले असते तर बायकांनी पदर डोळ्यांना लावले असते. पण हरिश्चंद्राचे शब्द संपणे आणि हरिश्चंद्र करणाऱ्याचे शब्द संपणे यांतला फरक प्रेक्षकाला त्याच क्षणी कळतो. नटाची नजर तारामतीवरून सुटून पेटीवाल्याकडे मदतीसाठी वळली की तो कळतो. तुमची नजर बहुधा तशी वळली असावी. ती चित्रफीत मी पाहिलेली नाही आणि कृपया ती मला पाठवू नका. त्यात आधीचे दोन तास नाहीत, म्हणजे तुमचा हरिश्चंद्र त्यात नाहीच.

माझे बालपण कुडाळजवळच्या एका गावात गेले. आमच्या जत्रेला येणाऱ्या कंपनीत एक राजपार्ट करणारे कलावंत होते. एका वर्षी युद्धाच्या प्रवेशात त्यांचा मुकुट उडाला आणि घरंगळत पुढे बसलेल्या आम्हा मुलांत आला. त्या रात्रीपासून ते आमच्यासाठी ‘मुकुटवालो’ झाले. मीही ती हाक मारली आहे, दुसऱ्या दिवशी ते देवळाजवळ चहा पीत असताना, त्यांना ऐकू जाईल अशी, आणि त्याची मला आज लाज वाटते. पण आमच्या मनात त्यांच्याबद्दल राग नव्हता की त्यांच्या अभिनयाविषयी काही मत नव्हते. एक गंमत आम्ही सगळ्यांनी एकत्र पाहिली होती आणि ते नाव उच्चारले की ती पुन्हा सगळ्यांची होत असे. तुमच्या बाजारातल्या पोरांचेही तसेच आहे, म्हणून त्यांच्याशी भांडून किंवा खुलासे देऊन काही साधणार नाही. पुढे त्याच कलावंतांनी भीष्म करायला सुरुवात केली आणि काही वर्षांत आसपासच्या वाड्यांतली माणसे ‘मुकुटवाल्याचो भीष्म बघूक व्हयो’ असे म्हणत चालत येऊ लागली. नाव तेच राहिले, पण ते उच्चारताना माणसांचा आवाज बदलला. ‘कर दे’ हे नावही कदाचित तुम्हाला चिकटून राहील. ते पुसण्यात शक्ती घालवू नका, त्या नावाच्या शेजारी दुसरे चित्र उभे करा.

त्यासाठी मालकांकडे जा, पण ‘मला पुन्हा हरिश्चंद्र द्या’ असे म्हणू नका. त्यांचाही गावोगावच्या देवस्थानांशी व्यवहार असतो, नारळ घेऊन कबूल केलेली जत्रा त्यांना बिघडू द्यायची नसते, आणि त्यांची भीती अगदीच अनाठायी नाही. एक ठरावीक भूमिका मागा आणि आठ दिवस आधी मागा. मी तुमच्या जागी असते तर विदुर मागितला असता, कारण तो थोडा वेळ असतो, पण राजसभेत सगळ्यांच्या विरुद्ध एकटा बोलतो आणि तिथे नटाच्या शब्दांचा कस लागतो. दूताचे काम मिळेल त्या रात्रीही ते जीव ओतून करा, पण दूतामुळे चित्र बदलेल अशी आशा धरू नका.

त्याआधी ज्येष्ठ कलावंतांकडे जाऊन बसा. ते आजारी पडले म्हणून तुमच्यावर ही वेळ आली, या विचाराने तुम्ही त्यांना टाळत असाल तर ते सोडा. स्मशानात ते कुठे थांबतात, कोणता दाखला कुठे देतात, शब्द आटले तर काय करतात, हे विचारा. अशी विद्या कोणत्याही पुस्तकात नाही, ती पेटाऱ्याजवळ बसूनच मिळते. तारामती करणाऱ्या सोबत्यालाही विचारा की त्या क्षणी तो तुम्हाला कोणता प्रश्न टाकून सावरू शकला असता. आणि पेटी वाजवणाऱ्या बुवांशी एक खूण ठरवून ठेवा, की हात असा छातीशी गेला की त्यांनी पद उचलावे. आलेली पोकळी गाण्याने भरून काढण्याची सोय दशावतारात पूर्वीपासून आहे, तुम्हाला त्या रात्री ती मागता आली नाही.

हरिश्चंद्रही पुन्हा करायचा आहे, पण पुढच्या हंगामात, आणि आधी देवगड किंवा दोडामार्गसारख्या लांबच्या तालुक्यात, जिथे तुम्हाला कुणी नावाने हाक मारत नाही. तिथे चार वेळा तो उभा राहिला की मग आपल्या गावात करा. चित्रफीत ज्याने पसरवली त्याला एकदाच, शांतपणे, ती काढून टाकण्याची विनंती करा. त्याने ऐकले नाही तर विषय सोडा. बाजारात पोरांनी विचारले तर थांबून सरळ उत्तर द्या आणि पुढचा प्रयोग कुठल्या गावात आहे ते सांगा. त्यांतली निम्मी पोरे येतील, भले हसायला येतील, पण येतील.

अशा नावामागे माणूस किती मोडू शकतो, हेही मला ठाऊक आहे. अहमद बेस्ट या अमेरिकन कलावंताने १९९९ साली ‘स्टार वॉर्स’मध्ये जार जार बिंक्स हे पात्र केले, त्याचा जगभर इतका तिरस्कार झाला की आपण त्या काळात जीव देण्याच्या विचारापर्यंत गेलो होतो, हे त्यांनी २०१८ मध्ये सांगितले. २०२३ मध्ये त्याच कथाविश्वातल्या एका मालिकेत ते एका बालकाचे प्राण वाचवणारा योद्धा म्हणून आले आणि प्रेक्षकांनी त्यांचे मनापासून स्वागत केले. मधे चोवीस वर्षे गेली होती. त्यांना चोवीस वर्षांनी मिळालेली संधी तुम्हाला एका हंगामात अनेक रात्री मिळू शकते, कारण तुमची रंगभूमी दर रात्री नव्या देवळासमोर उभी राहते.

गोव्याविषयी एकच सांगते. नाइटच्या, म्हणजे एका रात्रीच्या प्रयोगाच्या, पैशांत घर चालत नाही म्हणून जायचे असेल तर जरूर जा, त्यात कमीपणा नाही, आणि हंगामापुरते परत येणारेही कितीतरी कलावंत आहेत. पण लाजेपोटी जायचे असेल तर वैशाखात हंगाम संपेपर्यंत थांबा. हे दोन हिशेब वेगवेगळ्या कागदांवर मांडा आणि पैशांचा कागद वडिलांसमोर ठेवा. त्यांनी त्या रात्री गावासमोर तुमच्याइतकेच सोसले आहे. ते रंग लावू नको म्हणतात तेव्हा तुम्हाला पुन्हा कुणी हसू नये एवढेच त्यांना हवे असते. विदुर मिळाला की त्यांना सोबत न्या आणि पुढे न बसवता पेटीवाल्या बुवांच्या मागे, पडद्याच्या कडेला बसवा, म्हणजे प्रेक्षकांचे चेहरे त्यांना दिसतील.

तो प्रयोग कोणत्या गावी झाला ते मला कळवा. झोपेचे काय झाले, तेही लिहा.

तुमची,
ताई