घरच्यांनी मिळून मातीकाम आणि गॅलरी: आमचा अनुभव

तुमचा प्रश्न असा: गुहागरजवळच्या वडिलोपार्जित घरात भाऊ, वहिनी आणि तुम्ही मिळून मातीकामाचा स्टुडिओ काढायचा, पडवीत छोटी गॅलरी मांडायची, तर भट्टी कुठली घ्यावी आणि गॅलरी चालेल का. आमचं असंच घरचं प्रकरण बाराएक वर्षं चाललंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भट्टीच्या आधी पावसाचा विचार करा. दुसऱ्या वर्षी जुलैत आम्ही गणपतीच्या ऑर्डरची भट्टी लावली. भांडी दिसायला ठणठणीत कोरडी. तापमान 100 अंशांच्या पुढे सरकलं आणि आतून फट् फट् आवाज सुरू झाले. उघडली तर अर्ध्या फळ्यांवर नुसती खापरं. मातीत राहिलेल्या ओलीची वाफ होते आणि भांडं फुटतं. तेव्हापासून आई प्रत्येक भांड्याचं बूड गालाला लावून बघते. गार लागलं की परत मांडणीवर. पावसाळ्यात जाड काही करतच नाही, आणि भट्टी रात्रभर 80-90 अंशांवर धरून मगच चढवतो. भट्टी निवताना दार किलकिलं करून डोकावू नका. 573 अंशांपाशी मातीतलं क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीचे कण, एकदम आकसतं, तिथे गार वारा लागला की बारीक तडा जातो.

विजेची भट्टी सोपी, पण पावसात लाइट गेली की अर्धवट भाजलेला माल घेऊन बसायचं. आम्ही गॅसवर आलो.

गावची माती वापरायची हौस सगळ्यांनाच असते. शेतातली, तळ्यातली चालते. खाजणातली, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतली, नको, भांडं वाळताना मिठाचा पांढरा खार वर येतो. आमच्या धाकट्याने गावची लाल माती हौसेने 1200 अंशांना भाजली, तर वाडग्यांचा लगदा होऊन फळीला चिकटला; फळी आजही दारात पायरी म्हणून आहे. हजारेक अंशांपर्यंत ठीक, स्टोनवेअरची, म्हणजे जास्त तापमानाला भाजायच्या भांड्यांची, माती बाहेरूनच मागवा. आणि खाण्यापिण्याच्या भांड्यांना शिशाचं ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप, अजिबात नको. आपल्याकडे सोलकढी, आमसुलाचं सार, सगळंच आंबट, आणि आंबटात शिसं उतरतं.

गॅलरी चालते, पण चित्रांवर नाही, मगांवर. चित्रं बघायला माणूस आत येतो आणि जाताना दोन मग नि एक दह्याचं भांडं घेऊन जातो. दिवाळीची सुट्टी, नाताळ, मे, बाकी शुकशुकाट. गणपतीत चाकरमानी येतात खरे, पण खरेदी निघायच्या दिवशी, एस्टीची वेळ झालेली असताना. तेव्हा पेंढ्यात बांधलेला माल आधीच तयार ठेवा. दुसऱ्यांची चित्रं ठेवलीत तर कमिशन, मुदत आणि नुकसान कोणाचं हे कागदावर घ्या, आणि मृगाच्या आधी ती परत पाठवा. जांभ्याच्या भिंतीला ओल येते. एका चित्रकाराच्या जलरंगांवर बुरशी चढली, ती भरपाई आम्ही गपचूप दिली.

आता खरी गोम. पहिली सहा वर्षं आम्ही मगाची किंमत माती, गॅस आणि रंग धरून काढत होतो. घरचीच माणसं, मजुरी कसली? एका वर्षी दिवाळीत सगळे नफा मोजायला बसलो, तर आमची वहिनी म्हणाली, "माझे ग्लेझचे दिवस कुठल्या रकान्यात आहेत?" कोणालाच उत्तर देता आलं नाही. आता प्रत्येकाचे दिवस वहीत लिहितो, महिन्याला मजुरी काढतो, उरलं तर वाटतो. किंमतही नगावर न काढता भट्टीवर काढतो: एका भट्टीत साठ मग, त्यातले पाच-सहा जाणार हे धरून, सगळ्यांची मजुरी मिळवून, उरलेल्या चौपन्नांवर भागायचं. मगाची किंमत वाढली. चार जुनी गिऱ्हाइकं कुरकुरली, वहिनी मात्र टिकली.

भावाशी हे भट्टी घेण्याआधी बोला, वहिनींना समोर बसवून. आमचं काम बघायचं असेल तर श्रावणात या, मे महिन्यात मला बोलायला फुरसत नसते.