पूलच्या क्यू बनवणाऱ्यांच्या प्रदर्शनाला नवख्या माणसाने जावं का? जाऊन काय बघावं?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात तीस वर्षं स्नूकर खेळताय, एप्रिलच्या सुमारास मुलाकडे न्यू जर्सीला येणार आहात, आणि फिलाडेल्फियाजवळ पूल या स्नूकरच्या भावकीतल्या खेळाच्या क्यू, म्हणजे खेळायच्या काठ्या, बनवणारे आणि जमवणारे एकत्र येतात असं ऐकलंय. विकत काही घ्यायचं नसेल तर जाण्यात अर्थ आहे का, असा तुमचा प्रश्न.

आहे. उलट घ्यायचं नसेल तरच पहिल्यांदा जा. मी पहिल्या वेळी घ्यायला म्हणून गेलो आणि फसलो. ते पुढे सांगतो.

तुम्ही म्हणताय ते बहुधा सुपर बिलियर्ड्स एक्स्पो. पूलपटू ॲलन हॉपकिन्सने सुरू केलेलं हे प्रदर्शन पेनसिल्व्हेनियातल्या ओक्स गावी भरतं. न्यू जर्सीतल्या एडिसनहून गाडीने दीड-दोन तास धरा. तारखा मागेपुढे होतात, त्या पाहून मगच तिकीट काढा. आत शिरलात की पहिल्यांदा आवाज अंगावर येतो. एकीकडे हौशी खेळाडूंच्या स्पर्धा चालू, टेबलांच्या रांगाच्या रांगा, सतत कुठेतरी ब्रेकचा, म्हणजे डाव फोडण्याचा, फटका. दुसरीकडे स्टॉल. त्यात टी-शर्ट, चॉक, बॅगा विकणारे बरेच असतात, त्यांच्याकडे दुपारी भूक लागल्यावर बघा. सकाळी सरळ कारागिरांकडे जा. सकाळी ते निवांत असतात आणि बोलतात.

तुम्ही स्नूकरवाले आहात हा तोटा नाही, फायदा आहे. आधी हाताला जरा विचित्र वाटेल. तुमच्या ॲशच्या लाकडाच्या क्यूची टिप, म्हणजे चेंडूला लागणारं टोक, साडेनऊ-दहा मिलिमीटरची, इथली तेरा मिलिमीटरच्या आसपास. पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मला मुसळ धरल्यासारखं वाटलं होतं. टिपेखालची पितळी कडी, म्हणजे फेरूल, नाही, लाकूड ॲशचं नाही तर मेपलचं, त्यामुळे शाफ्टवर, म्हणजे पुढच्या निमुळत्या भागावर, ते बाणासारखे रेषांचे ठसेही नाहीत. पण मागच्या बाजूला या. तुमच्या क्यूच्या बटात, म्हणजे मागच्या जाड भागात, आबनूस ॲशमध्ये चढत गेलेलं असतं ना, टोकाला गोलसर, जिभेसारखं? हाताने रंधा मारून सपाट केलेल्या भागावर तुकडा चिकटवतात आणि मग गोल करतात, म्हणून ते टोक तसं येतं. पूलच्या क्यूत मेपलमध्ये इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच पाडून त्यात गडद लाकूड बसवतात, म्हणून टोक सुईसारखं अणकुचीदार निघतं. त्यांना इथे पॉइंट्स म्हणतात. कडेला हिरवी, नारिंगी, काळी अशी रंगवलेल्या लाकडाची पातळ पट्टी असते, ती व्हिनियर.

आता माझ्या फसवणुकीकडे. पहिल्या वर्षी, आल्यापासून तासाभरात, एका विक्रेत्याकडून आठ पॉइंट्सची झगमगीत क्यू घेतली. किंमत सांगत नाही, बायको हे वाचते. दुपारी एका म्हाताऱ्या कारागिराच्या टेबलापाशी उभा होतो. त्याने माझी क्यू बघायला मागितली, दिव्याखाली तिरकी धरली आणि काही न बोलता खिशातलं भिंग माझ्या हातात दिलं. भिंगातून बघितलं तर पॉइंट्सच्या आतल्या लाकडाला रेषाच नाहीत. शेजारच्या मेपलच्या रेषा स्पष्ट दिसत होत्या आणि पॉइंट नुसता सपाट रंग. छापील चित्र चिकटवून वर वार्निश फिरवलेलं होतं! म्हाताऱ्याने मग स्वतःची एक क्यू बाजूला ठेवली. तिच्या पॉइंटमधल्या लाकडाचे तंतू मेपलच्या तंतूंपेक्षा वेगळ्या चालीने जात होते, आणि व्हिनियरच्या चार रेघा टोकाशी एकमेकींत मिटत गेल्या होत्या, मोदकाच्या कळ्या वर एकत्र याव्यात तशा.

तिसरा प्रकारही असतो. संगणकावर चालणाऱ्या यंत्राने खाच पाडून खरं लाकूड बसवलेलं. त्यात फसवणूक काही नाही, पण यंत्राचं पातं गोल फिरतं, त्यामुळे टोकाशी किंचित गोलाई राहते. काही कारागीर ती नंतर सुरीने कोरून अणकुचीदार करतात. हे तिन्ही प्रकार एकदा शेजारी शेजारी बघितले की डोळा तयार होतो, आणि ते शेजारी शेजारी बघायला मिळतात ते अशाच ठिकाणी. स्क्रीनवरच्या फोटोत तिन्ही सारखेच सुंदर दिसतात.

टोकं एका उंचीवर आहेत का तेही बघा. क्यू हळूहळू फिरवत न्या. चारही पॉइंट्स एकाच वर्तुळावर संपत असतील तर खाचा नीट पडल्यात आणि लेथवर लाकूड मध्यावरच होतं. एक वर, एक खाली असेल तर कुठेतरी काहीतरी सरकलंय, बहुतेक वेळा लाकूडच वाकलंय. लाकूड वाकतंच. म्हणून हे लोक शाफ्ट एका बैठकीत कधीच उतरवत नाहीत. थोडं कातायचं, महिनोन्‌महिने टांगून ठेवायचं, पुन्हा थोडं. मधे वाकलं तर टाकून द्यायचं. त्या म्हाताऱ्याच्या मते त्याचा अर्धा धंदा म्हणजे लाकडाची वाट बघणं.

जॉइंट, म्हणजे शाफ्ट आणि बट जुळतात तो सांधा, स्वतः जोडून बघायला मागा. दोन्ही भाग घट्ट केल्यावर सांध्यावरून नख फिरवा, अडकायला नको. दिव्याकडे धरा, फट दिसायला नको. मग बट तळहातावर हलकेच आपटून कान द्या. आत काही सैल असेल तर बारीक खुळखुळ येते. टेबलावर घरंगळवून वाकडेपणा बघण्याची आपल्याकडची सवय इथेही आहे, पण तिच्यावर फार विसंबू नका. शाफ्ट आणि बट वेगवेगळे सरळ असूनही जोडल्यावर क्यू डगमगू शकते, आणि टेबलच सपाट नसलं तर भलतीलाच दोष लागतो.

संग्राहकांची टेबलं हे वेगळंच जग. तिथे कुणी खेळायच्या गोष्टी करत नाही. जॉर्ज बालाबुश्का हे नाव दिवसात दहादा कानावर पडेल. रशियात जन्मलेला, लहानपणी अमेरिकेत आलेला सुतार. 1959 पासून 1975 मध्ये वारला तोवर ब्रुकलिनमध्ये क्यू बनवल्या. 1986 च्या ‘द कलर ऑफ मनी’ या चित्रपटामुळे नाव घरोघरी गेलं, आणि गंमत म्हणजे त्यात बालाबुश्का म्हणून दाखवलेली क्यू त्याची नव्हतीच, जॉस कंपनीची होती. दुसरी गंमत जास्त मोलाची आहे. बालाबुश्काच्या बऱ्याच क्यूंमधले पॉइंट्स त्याने केलेलेच नाहीत. ब्रन्सविक कंपनी क्लबात ठेवायला टायटलिस्ट नावाच्या साध्या एकसंध क्यू बनवायची. त्या कापून, त्यांच्या बटातून तो स्वतःची क्यू घडवायचा. पुढे बर्टन स्पेन आणि गस झांबोटी या कारागिरांकडून तयार बट घेऊ लागला. म्हणजे खरी की नक्कल हे ठरवताना पॉइंट्स बघून भागत नाही. जॉइंटच्या कड्या, मुठीवर गुंडाळलेला दोरा, तळाचा भाग, हे सगळं तपासत दोन संग्राहक तासभर वाद घालतात. असा वाद चालू दिसला की शेजारी उभे राहा आणि गप्प बसा. फुकटचं शिक्षण आहे.

हस्तिदंत लावलेल्या जुन्या क्यू तिथे दिसतील, फेरूलला किंवा नक्षीत. बघा, पण मोहात पडून भारतात आणायचा विचारही करू नका. आपल्याकडे वन्यजीव कायद्याने हस्तिदंताचा व्यापार बंद आहे आणि अमेरिकेतही 2016 पासून आफ्रिकी हत्तीच्या दातावर कडक निर्बंध आहेत.

रीतीभाती म्हणाल तर कुणाचीही क्यू न विचारता उचलायची नाही. अंगठी काढून ठेवा. दोन्ही हातांनी घ्या. परवानगीशिवाय चॉक लावायचा नाही, दुसऱ्या हातात कॉफी तर नकोच. कारागिराशी घासाघीस करू नका. तो वर्षाला मोजक्या क्यू करतो आणि त्याच्याकडे नंबर लावलेले लोक असतात. विक्रेत्यांकडे मात्र शेवटच्या दिवशी दुपारी सगळं परत गाडीत भरायचा कंटाळा आलेला असतो, तेव्हा बोलून बघायला हरकत नाही.

आणि तुमची ॲशची क्यू घेऊनच या, खरंच. मागच्या वर्षी मी माझी जुनी नेली होती. तीन टेबलांवरून माणसं उठून आली. हाताने रंधून केलेली जोडणी तिथे रोज बघायला मिळत नाही. स्नूकर 1875 मध्ये जबलपूरला इंग्रज अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये सुरू झालं, हे सांगितल्यावर त्यांचा विश्वास बसेना. मग मी आपल्या पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्सचं नाव सांगितलं, 1958 चा बिलियर्ड्समधला हौशी जगज्जेता. ते एकाने कागदावर उतरवून घेतलं.

फक्त क्यू विमानात हातात ठेवू देत नाहीत, ती सामानातच टाकावी लागते. महागडी पेटी नको. प्लंबिंगच्या दुकानातून जाड पीव्हीसी पाइप मापाने कापून घ्या, दोन्ही टोकांना टोपणं, आत जुन्या धोतराचं किंवा टॉवेलचं कापड घट्ट कोंबा. माझी दोनदा तशीच आली, शाफ्टवर साधा ओरखडाही नाही. एअरपोर्टवर एकदा तेवढी उघडायला लावली होती, म्हणून टोपण सिमेंटने चिकटवू नका.