एमआयडीसीजवळच्या गावाने वायुगळतीसाठी काय तयारी ठेवावी?

तुम्ही विचारलंय की गाव जळगाव जिल्ह्यात, एमआयडीसीच्या कुंपणाला लागून आहे. एका अंगाला बर्फाचा कारखाना, दुसऱ्या अंगाला केमिकल कंपनी. उद्या काही गळालं तर गावाने काय करायचं, आणि ग्रामपंचायतीला यात बोलायचा काही हक्क आहे का?

हक्क आहे, आणि चांगला जुना आहे. मी धुळे-जळगाव पट्ट्यात कारखान्यांच्या सेफ्टी विभागातच नोकरी केली, त्यामुळे कुंपणाच्या आतली बाजू मला माहीत आहे. भोपाळनंतर कारखाने कायद्यात 1987 साली दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रिया चालवणाऱ्या मालकाने आजूबाजूच्या लोकांना आणि स्थानिक संस्थेला धोक्याची माहिती द्यायची, हे तेव्हापासून कायद्यात आहे. मग 1989 च्या नियमांनी कारखान्याच्या आतला आपत्कालीन आराखडा मालकाच्या गळ्यात घातला आणि कुंपणाबाहेरचा जिल्हा प्रशासनाच्या. 1996 च्या नियमांनी जिल्हा आणि स्थानिक क्रायसिस ग्रुप, म्हणजे रासायनिक अपघाताच्या तयारीच्या समित्या, आले. स्थानिक ग्रुपचे अध्यक्ष प्रांतसाहेब, सदस्य सचिव कारखाना निरीक्षक. त्यात फायर ब्रिगेड, ठाणेदार, बीडीओ, आरोग्य अधिकारी, कंपन्यांची माणसं, वाहतूकदार, गावातले दोन डॉक्टर, स्थानिक वर्तमानपत्राचे संपादक, आणि हो, सरपंच किंवा गावचा पुढारीही असतो. महिन्याला बैठक, सहा महिन्यांतून एकदा पूर्ण मॉक ड्रिल, असं नियम म्हणतो. आता तुमच्या सरपंचांना विचारा, या बैठकीची नोटीस शेवटची कधी आली होती.

म्हणून पहिलं काम म्हणजे ग्रामसभेचा ठराव. त्यात दोनच प्रश्न ठेवा: बाहेरच्या आराखड्यात आमच्या गावाचं नाव आहे का, आणि स्थानिक ग्रुपवर आमच्या बाजूने कोण आहे. ठराव प्रांत कार्यालयात आणि कारखाना निरीक्षकांकडे द्या, पोच घ्या. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकाराचा अर्ज, 30 दिवसांची मुदत.

पण खरी मेख पुढे आहे. हे सगळं मोठ्या साठ्यांना लागू होतं. क्लोरीन 10 टन, अमोनिया 60 टन, अशा मर्यादा नियमात दिल्या आहेत. बर्फाच्या कारखान्यात गारवा करायला वापरतात तो अमोनिया त्याच्या कितीतरी खाली असतो. पाणीपुरवठ्याच्या केंद्रावर क्लोरीनचे टोनर म्हणजे मोठे सिलिंडर असतात, एकात साधारण 900 किलो, तेही त्या रेषेच्या आत. म्हणजे केमिकल कंपनीचा आराखडा कुठल्यातरी फायलीत सापडेल. पण गावाला जास्त जवळ असलेल्या बर्फवाल्याचा बहुतेक कुठेच नसेल. त्याला थेट भेटा. चांगला माणूस असेल तर वॉल्व्ह कुठे आहेत, रात्री हजर कोण असतं, मास्क किती आहेत, हे स्वतः दाखवतो. नाही दाखवलं तर तीही माहितीच.

कंपनीच्या ड्रिलमध्ये एक गोष्ट दर वेळी दिसायची. भोंगा वाजला की आतले कामगार शिकवल्याप्रमाणे वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला जाऊन रांगेत उभे राहायचे. आणि गावातली पोरं? मोटारसायकली काढून गेटवर! काय झालं बघायला, मोबाईल हातात. म्हाताऱ्या माणसांचं वेगळंच, "काही होत नाही भो, रोजच वाजतो तो." चूक त्यांचीही नव्हती. शिफ्ट सुटल्याचा भोंगा आणि धोक्याचा भोंगा यातला फरक त्यांना कुणी सांगितलाच नव्हता. विशाखापट्टणमला 7 मे 2020 च्या पहाटे कारखान्यातून स्टायरीन नावाचं रसायन गळलं तेव्हा तर शेजारच्या वस्तीला भोंगा मिळालाच नाही, लोक झोपेतून खोकत उठले. कंपनीकडून लेखी घ्या: धोक्याचा भोंगा कसा वाजतो, सगळं ठीक झाल्याचा कसा, आणि भोंगा वाजवताना गावात फोन कुणाला करणार. फोन एकाला नको, पोलीस पाटील आणि आणखी दोघं. त्यांनी देवळाच्या आणि मशिदीच्या लाउडस्पीकरवरून सांगायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर विसंबू नका, रात्री दोनला कोण बघतंय.

काय सांगायचं हेही आधी लिहून ठेवा, कारण ऐनवेळी "पळा पळा" एवढंच सुचतं, आणि पळायचं कुठे हा तर सगळा प्रश्न आहे. वारा कुठून येतोय ते देवळावरचा झेंडा सांगतो. वारा ज्या दिशेला जातोय त्याच दिशेला पळालात तर वायू मागून येतच राहतो. आडवं जायचं. वारा पश्चिमेचा असेल तर उत्तरेला नाहीतर दक्षिणेला. क्लोरीन हवेच्या अडीचपट जड, तो नाल्यात, खोलगट भागात साचतो. नाल्यातून पळू नका. अमोनिया मुळात हलका, पण द्रव गळला की थंड पांढरं धुकं जमिनीलगत सरकत येतं, त्यामुळे "तो वर जातो" यावर जाऊ नका.

वायू गल्लीत शिरलाच असेल तर मग बाहेर पडू नका. दारं-खिडक्या लावा, फटींना ओली चादर, नाकावर ओला रुमाल. आणि कूलर बंद! आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये घरोघरी कूलर चालू असतो, तो बाहेरचीच हवा ओढून आत फेकतो. हे मी कुठल्याच सरकारी पत्रकात वाचलं नाही. दुसरं, उन्हाळ्यात निम्मं गाव गच्चीवर आणि अंगणात झोपतं. म्हणजे वायू पोचेल तेव्हा भिंत-दार काहीच मध्ये नाही. त्या दिवसांत रात्री जागा राहणारा एक माणूस ठरवा, शेतातल्या पाण्याच्या पाळीला कुणी ना कुणी जागतच असतं.

याद्या आशाताईंकडून करून घ्या. अंथरुणावरचे आजारी, दमेकरी, गरोदर बायका, पाळण्यातली लेकरं, आणि कुणाच्या घरी चारचाकी आहे ते. डोळ्यांत गेलं तर साध्या स्वच्छ पाण्याने निदान 15 मिनिटं धुवायचं. कांदा, दूध, तूप काही नको. गळतीवर स्वतः पाण्याचा पाइप मारू नका. उडालेला अमोनिया पाण्याच्या फवाऱ्याने खाली बसतो हे खरं, पण साचलेल्या द्रवावर पाणी पडलं तर तो जास्तच उकळतो, आणि क्लोरीनच्या गळक्या टाकीवर पाणी मारलं तर आम्ल होऊन भोक मोठं होतं. ते काम फायर ब्रिगेडचं.

केमिकल म्हटलं की आपण गुजरातकडे बोट दाखवतो, पण शिरपूरजवळ वाघाडीला 31 ऑगस्ट 2019 च्या सकाळी केमिकल कारखान्यात स्फोट होऊन माणसं गेली. शिवाय तुमच्या गावाजवळून सुरत-नागपूर महामार्ग जात असेल तर टँकरचाही विचार करा. टँकरवर चार आकडी नंबर असतो: 1005 अमोनिया, 1017 क्लोरीन, 1075 स्वयंपाकाचा गॅस (एलपीजी), 1203 पेट्रोल. उलटलेला टँकर दिसला तर लांबून, वाऱ्याकडे पाठ करून म्हणजे वारा आपल्याकडून टँकरकडे जाईल अशा जागेवरून तो नंबर वाचा आणि 112 वर फोन करताना पहिल्यांदा तोच सांगा. पेट्रोल भरून आणायला डबे घेऊन जाणारे आपल्याकडे निघतातच. त्यांना अडवायला पोलीस येईपर्यंत तरुण मंडळाची पोरं उभी करा, टँकरपासून लांब, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना.