नोकरी गेली, डिपॉझिट अडकलं: वकिलाला २५ हजार द्यावेत का?

पुण्याजवळच्या वाकडहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. वय ३४, सोबत आई. गेल्या महिन्यात कंपनीने कपात केली आणि त्यांची नोकरी गेली. भाडं २४ हजार, बाकी घरखर्च १६ हजार. शेवटचा पगार धरून बचत खात्यात ४० हजार आहेत आणि एफडी २ लाखांची आहे. क्रेडिट कार्डावर १ लाख १० हजार थकलेत, सध्या त्या फक्त मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरताहेत. ऑनलाइन रजिस्टर झालेला ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स (घर भाड्याने देण्याचा) करार आहे. त्यात सहा महिन्यांचा लॉक-इन आहे, म्हणजे तेवढे महिने घर सोडता येत नाही; तो पूर्ण झाला. नोटीस एक महिन्याची. स्वस्त घरात जायचं ठरवलं, तर घरमालक म्हणतात, ११ महिन्यांआधी सोडलंत तर ७५ हजारांचं डिपॉझिट विसरा. एका वकिलांनी सुरुवातीलाच २५ हजार मागितले. एक ॲप दीड लाखाचं कर्ज लगेच द्यायला तयार आहे. ताई विचारतात: वकील करू, की ७५ हजारांवर पाणी सोडू? आणि तोवर ॲपवरून पैसे उचलू का? शेवटी एक ओळ आहे: 'रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झोप लागत नाही.'

ताई, तिन्ही प्रश्नांना माझं उत्तर सध्या 'नाही' असंच आहे. वकिलाला पैसे देऊ नका, डिपॉझिट सोडू नका, ॲपवरून कर्ज घेऊ नका. तुमच्या हक्काची जी मदत फुकट मिळते, ती अजून तुम्ही वापरलेलीच नाही. आधी ती घ्या. पदरचा पैसा नंतर.

पहिल्यांदा कार्ड. दरमहा साडेतीन टक्क्यांनी १ लाख १० हजारांवर ३,८५० रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे महिन्याला साधारण साडेचार हजार नुसते व्याजापोटी जातात. तुमची २ लाखांची एफडी ७ टक्क्यांनी धरली, तरी महिन्याला जेमतेम ११०० ते १२०० रुपये मिळवून देते. एरवी मी कार्ड एकरकमी फेडा म्हटलं असतं. पण पगार बंद असताना हातातली रोकड एकदम रिकामी करणं मला पटत नाही. एफडीतून ६० हजार कार्डावर भरा. उरलेल्या ५० हजारांचे बँकेकडून १२ महिन्यांचे हप्ते करून घ्या. व्याज १६ टक्क्यांच्या आसपास लागलं, तर हप्ता साडेचार हजारांच्या घरात येतो. आज जेवढं व्याजात जातंय, तेवढ्याच पैशात मुद्दल फिटायला लागेल. मुदतीआधी एफडी मोडल्याचा अर्धा-एक टक्क्याचा फटका यापुढे किरकोळ आहे. आणि ते कार्ड घरात ठेवून द्या, पाकिटात नको.

यानंतर तुमच्याकडे १ लाख ८० हजार उरतात. आहे त्याच घरात राहिलात, तर हप्ता धरून महिन्याला ४४,५०० लागतील, म्हणजे चार महिने. सांगवी-पिंपळे गुरवकडे १४ हजारांचं घर मिळालं तर महिन्याचे दहा हजार वाचतील. पण आधी नोटिशीचा महिना पूर्ण भाड्याने काढायचा, मग नवं डिपॉझिट ३० हजार, ब्रोकरेज एक भाडं, टेम्पो आणि हमाली ८ हजार धरा. जुनं डिपॉझिट बुडालं, तर घर बदलूनही पैसे साडेतीन महिनेच पुरतात, म्हणजे इथे राहण्यापेक्षाही कमी. तेच ७५ हजार परत आले तर साडेपाच महिन्यांच्या पुढे जाता. घर स्वस्त असण्यापेक्षा डिपॉझिट परत येणं तुमच्यासाठी मोठं आहे. म्हणून त्यावर पाणी सोडू नका म्हणतोय, आणि म्हणूनच ते मिळवायला २५ हजार आगाऊ घालणंही चुकीचं वाटतं. ७५ हजारांच्या दाव्यात तिसरा हिस्सा सुरुवातीलाच गेला, तर उरलं काय?

आता फुकट मिळणाऱ्या मदतीकडे येऊ, कारण याविषयी फार कमी भाडेकरूंना माहिती असते. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिलांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. पगार पाच आकडी असो वा सहा आकडी, बाई असणं पुरेसं आहे. (हे वाचणाऱ्या पुरुष भाडेकरूंसाठी: महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर तुम्हीही पात्र आहात. अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्तींना महिलांप्रमाणेच उत्पन्नाची अट नाही.) पुण्याचं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे. आधी फोन करायचा असेल तर १५१०० ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. प्राधिकरणाच्या कार्यालयात दावा दाखल करण्यापूर्वीचा अर्ज द्या. समोरच्याला बोलावून तडजोडीचा प्रयत्न होतो. लोकअदालतीत, म्हणजे वाद तडजोडीने मिटवण्याच्या बैठकीत, तडजोड झाली तर तिला दिवाणी हुकूमनाम्याचं, म्हणजे न्यायालयाच्या निकालाचं, बळ असतं आणि त्यावर अपील नाही. एक मर्यादा सांगितलीच पाहिजे: घरमालक तयारच झाले नाहीत, तर लोकअदालत त्यांच्यावर निर्णय लादू शकत नाही. मग रीतसर दावा करावा लागतो, पण त्यासाठीही मोफत वकील मागता येतो. अशा रकमेच्या दाव्याला सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत असते, तेव्हा धमकीच्या भरात आज रात्रीच काही ठरवायची गरज नाही.

तुमची बाजू मला भक्कम वाटते. लॉक-इन संपलेला, नोटिशीची तरतूद लेखी, करार रजिस्टर. '११ महिन्यांआधी सोडलं तर सगळं डिपॉझिट जप्त' असं कलम करारात नसेल, तर ते घरमालकांचं तोंडी म्हणणं झालं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची असते. तुमच्या मालकांनी ती पाळली आहे, म्हणजे त्यातल्या अटी त्यांनाही बांधतात. नोटीस ईमेलने द्या आणि रजिस्टर एडी पोस्टानेही पाठवा. त्यातच लिहा, की नोटिशीच्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करावं आणि उरलेली रक्कम किल्ल्या देताना परत करावी. मालकांनी हे लेखी मान्य केलं तरच भाडं थांबवा. परस्पर भाडं बंद केलंत तर थकबाकीदार तुम्ही ठरता. रंगकाम, साफसफाईच्या नावाखाली कपात होते, म्हणून घर सोडताना प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, वीज मीटरचं रीडिंग टिपा, किल्ली दिल्याची पोच घ्या.

एक धोका मात्र नीट लक्षात ठेवा. 'डिपॉझिट देत नाहीत ना, मग मी घरच सोडत नाही' असा सल्ला ओळखीचे लोक सर्रास देतात. कराराची मुदत संपल्यावर घर अडवून बसलात, तर भाडे नियंत्रण कायद्याच्याच कलम २४ प्रमाणे दुप्पट दराने भरपाई मागितली जाऊ शकते. २४ हजारांच्या घरासाठी महिन्याला ४८ हजार. तो मार्ग नकोच.

ॲपच्या कर्जाविषयी थोडक्यात. उत्पन्न शून्य असताना नवा हप्ता डोक्यावर घेऊ नका. अगदीच निकड आली तर उरलेल्या एफडीवर बँक ओव्हरड्राफ्ट देते, म्हणजे एफडी न मोडता तिच्या तारणावर उचल देते, त्याचं व्याज एफडीच्या दराहून एक-दोन टक्केच जास्त असतं. वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर कुणाचा फोन आला, तर तो रिझर्व्ह बँकेच्या नियमाबाहेर आहे. आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (ग्राहकांच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी) जाता येतं, चौकशीसाठी नंबर १४४४८. पीएफलाही हात लावू नका. सलग पाच वर्षं सेवा पूर्ण होण्याआधी काढलेल्या पीएफवर कर लागतो. नवी नोकरी लागली की तो तिकडे वर्ग करा.

आणि ती झोपेची ओळ. तुम्ही ती पत्राच्या तळाशी लिहिलीत, माझ्या दृष्टीने ती वरची आहे. जागरणाने थकलेला माणूस रात्री दोन वाजता फोनवर 'कर्ज मंजूर' दिसलं की बोट दाबतो, आणि सकाळी घरमालकाच्या एका मेसेजला घाबरून ७५ हजार सोडून देतो. टेली मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी फोन सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. टाटा समाजविज्ञान संस्थेची 'आयकॉल' ही समुपदेशनाची सेवाही फोनवर मिळते. तिथे बोलायला मोठा आजार असावा लागत नाही. आईंनाही नोकरीचं सांगून टाका. त्यांच्यापासून लपवत बसण्यात तुमचा बराच जीव जात असणार, असं पत्रावरून वाटलं.

जाता जाता, आईंचा आरोग्य विमा कंपनीच्या गटपॉलिसीतून होता का? असेल तर तो नोकरीबरोबर संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदलून मिळतो का, हे एचआरला याच आठवड्यात विचारा. यासाठी पैसे लागले तर स्वस्त घराचं स्थलांतर महिनाभर पुढे गेलं तरी चालेल, पण वयस्कर माणूस विम्याशिवाय नको.

करारातलं डिपॉझिटचं आणि मुदतपूर्व घर सोडण्याचं कलम मला शब्दशः पाठवा, नाव-पत्ता काढून. ते पाहिल्यावर नोटिशीच्या मजकुराबद्दल आणखी नेमकं लिहीन. तोवर सोमवारी सकाळी बँकेत हप्त्यांचं विचारून या आणि तिथूनच शिवाजीनगरला जा. रजिस्टर कराराची प्रत, आधार कार्ड आणि मालकांच्या मेसेजचे प्रिंट बरोबर ठेवा.