फायबरचं टोक तपासणाऱ्याला यानात काम मिळेल का?

तू लिहिलंयस, ‘इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. अंतराळवीरांच्या यानातलं फायबर तपासायची उपकरणं बनवायची आहेत. एरोस्पेसची डिग्री नसेल तर तिथे कोण विचारणार, असं घरचे म्हणतात.’

घरच्यांची काळजी मला समजते. पण हे काम आधी प्रकाशाचं आणि स्वच्छतेचं आहे, उड्डाणाचं नंतर. फायबर म्हणजे प्रकाशातून सिग्नल नेणारी काचेची बारीक तार. त्यातल्या सिंगल मोड प्रकारात प्रकाश वाहून नेणारा मधला गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा. त्यावर एक धूलिकण बसला तरी सिग्नल क्षीण होतो, आणि तसाच कनेक्टर जोडला तर समोरच्या टोकालाही ओरखडा पडू शकतो. म्हणून जोडण्याआधी प्रत्येक वेळी टोक मायक्रोस्कोपखाली बघायचं. टेलिकॉम तंत्रज्ञाचं हे रोजचंच काम आहे.

यानात मात्र धूळ खाली बसत नाही. कपड्यांचे तंतू, त्वचेचे कण केबिनभर तरंगत असतात. पुसायला अल्कोहोलही मोकळेपणाने वापरता येत नाही, कारण त्याची वाफ बंद केबिनमधल्या हवा-पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेवर भार टाकते. शिवाय तपासणारा अंतराळवीर फायबरचा तज्ज्ञ असेलच असं नाही. पाय कुठेतरी अडकवून, स्वतःला सावरत तो काम करतो. अशा वेळी टोक ठीक आहे की नाही, हे उपकरणानेच स्पष्ट सांगायला हवं. मला तरी या क्षेत्रातला सगळ्यात सुंदर प्रश्न हाच वाटतो, आणि तो सोडवायला इमेज प्रोसेसिंग लागतं. तुझ्या विषयापासून ते लांब नाही.

पुढे ऑप्टिक्स किंवा फोटॉनिक्सकडे वळलीस तर उत्तमच. मात्र त्याआधी वर्षभर तरी स्प्लायसिंग (दोन फायबर कायमचे जोडणं), कनेक्टर पॉलिशिंग आणि ओटीडीआर (फायबरमध्ये प्रकाश सोडून दोष कुठे आहे ते शोधणारं उपकरण) यांवर हात बसव. बोरस्कोपही शिकून घे. अरुंद जागेत डोकावणारा हा कॅमेरा म्हणजे फायबर बघायच्या मायक्रोस्कोपचा भाऊबंदच आहे. नासाने २०१५ मध्ये अंतराळ स्थानकाबाहेर ‘व्हिपर’ नावाचा असा वाकणारा कॅमेरा रोबोटच्या मदतीने तपासून पाहिला होता.

एक गोष्ट कधीही विसरू नकोस. फायबरमधला इन्फ्रारेड प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. आधी पॉवर मीटर लावून आत प्रकाश नाही याची खात्री कर, मगच टोकाकडे बघ.

आयईसी ६१३००-३-३५ हे मानक टोकाचे गाभा, क्लॅडिंग (गाभ्याभोवतीचा काचेचा थर) असे भाग पाडून कुठे किती दोष चालतो ते ठरवतं. ते समोर ठेवून पन्नासेक कनेक्टरांचे पुसण्याआधीचे आणि नंतरचे फोटो काढ, प्रत्येकाला पास-नापास ठरवणारा छोटा प्रोग्रॅम लिही, आणि तो कुठे चुकला तेही एका वहीत नोंदव. पहिल्या मुलाखतीला ती वही सोबत ने.